आठवड्याचं पान कसं आखायचं? बुलेट जर्नल नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

पहिल्याच दिवशी पट्टी-पेन्सिल घेऊन बसू नका, एवढं आधी ऐका. मी तेच केलं होतं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी जानेवारीचे चारही आठवडे एका बैठकीत आखले, दोन रंगांचे ब्रश पेन, कोपऱ्यात पानंफुलं, वारांची नावं वळणदार अक्षरात, नवरा म्हणाला लग्नपत्रिका छापतेयस का. पहिला आठवडा मस्त गेला, दुसऱ्यात सासूबाईंना ताप आला आणि अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या टाकत तो कसातरी संपला, तिसरं पान कोरंच राहिलं, आणि चौथं आधीच आखलेलं असल्यामुळे ते कोरं पान ओलांडून पुढे जायला जीवच होईना. वही कपाटात गेली ती थेट पाडव्याच्या साफसफाईत सापडली.

नंतर लक्षात आलं की मी दुसऱ्या कोणाच्या तरी वहीचा फोटो बघून लेआऊट, म्हणजे पानाची मांडणी, निवडला होता. फोटोतल्या बाईच्या आठवड्यात सोमवारी योगा, बुधवारी कॉफी विथ अमुक आणि रविवारी सेल्फ-केअर. माझ्या आठवड्यात टीडीएसचं चलन, गीझरवाल्याला फोन आणि लेकाची प्रोजेक्ट फाईल. तिच्या चौकटी माझ्या कामाला कशा बसणार?

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बुलेट जर्नल म्हणजे कोऱ्या वहीत आपणच आखून घ्यायची डायरी. रायडर कॅरोल नावाच्या ब्रुकलिनमधल्या डिजिटल डिझायनरने ही पद्धत २०१३ मध्ये लोकांसमोर आणली, त्याला लहानपणापासून लक्ष एका जागी टिकवायचा त्रास होता आणि त्यातून स्वतःसाठी शोधलेली युक्ती होती ती. कामापुढे टिंब, कार्यक्रमापुढे गोल, नुसत्या नोंदीपुढे छोटी आडवी रेघ, काम झालं की टिंबावर फुली, पुढे ढकललं की उजवीकडे बाण. अनुक्रमणिका, पुढच्या महिन्यांचं पान, चालू महिन्याचं पान आणि रोजची नोंद, मुख्यतः असंच त्याच्या मांडणीत होतं. आठवड्याचं पान त्यात नव्हतंच! ते लोकांनी आपापल्या सोयीने नंतर घातलं. म्हणजे 'बरोबर' वीकली लेआऊट असा काही नसतोच, त्यामुळे कोणाचं चुकतही नाही.

वहीबद्दल फार डोकं लावू नका. डॉटेड वही मिळाली तर उत्तम, ए-५ आकाराची, टिंबांमध्ये ५ मिलिमीटर अंतर असलेली. नाही मिळाली तर मुलांची गणिताची लहान चौकटीची वही घ्या, तीही अगदी मस्त चालते. कागद ८० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) आसपास असला तर जेल पेन मागे फुटत नाही सहसा. मी मात्र साधं बॉलपेनच वापरते, कारण कल्याण ते ठाणे लोकलने जाते आणि पावसाळ्यात बॅगेत शिरलेल्या पाण्याने जेलच्या शाईचं काय होतं ते एकदा बघितलंय, जुलैचा अख्खा एक आठवडा निळ्या ढगासारखा झाला होता.

पहिली पायरी : एक आठवडा काहीही न आखता

कोरं पान घ्या, वर तारीख टाका (समजा ३ ते ९), आणि जे जे करायचंय, जे जे अचानक उपटतंय ते एकाखाली एक लिहीत जा. वार नाहीत, रकाने नाहीत. दूधवाल्याचा हिशोब, ऑफिसचं काम, आईची गोळी संपली, सगळं एकाच यादीत. पान भरलं तर पुढच्या पानावर. हे कंटाळवाणं वाटेल, कारण वही नवीन असते आणि हात शिवशिवत असतात, पण हा एक आठवडा काढाच. पुढची सगळी निवड यावरून ठरणार आहे.

दुसरी पायरी : प्रत्येक कामापुढे एक अक्षर

रविवारी संध्याकाळी ती यादी घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक अक्षर लिहा.

घ म्हणजे घड्याळाचं काम. ठरलेल्या वेळी तिथे हजर राहावंच लागतं. मंगळवारी साडेसहाला दाताचा डॉक्टर, शनिवारी ११ वाजता पालकसभा.

वा म्हणजे वाराचं काम. वेळ कधीही चालेल पण वार हाच. गुरुवारी पाणी येणार नाही म्हणून बुधवारी रात्री पिंप भरून ठेवणे, किंवा रविवारी मेगाब्लॉक आहे म्हणून मावशीकडे शनिवारीच जाऊन येणे.

आ म्हणजे आठवड्याचं काम. सोमवारी केलं काय नि शुक्रवारी केलं काय, आठवड्यात झालं पाहिजे. ब्लाऊज शिवायला टाकणे, सिलिंडर बुक करणे, बँकेत नॉमिनीचा फॉर्म देणे.

ता म्हणजे तारखेचं काम. माझ्यासारखे अकाउंट्सवाले हे लगेच ओळखतील. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचंच ३बी. वार कुठलाही असो, तारीख हलत नाही. ही कामं मुळात महिन्याच्या पानावरची, आठवड्याच्या पानावर ती फक्त पाहुणी म्हणून येतात.

आता मोजा. माझ्या त्या पहिल्या आठवड्यात ३४ नोंदी निघाल्या, त्यात घ फक्त ५, वा ८, ता ४, आणि आ तब्बल १७. मी थक्क झाले, कारण आपला आठवडा म्हणजे नुसती घड्याळाशी मारामारी असं मला कायम वाटायचं. आणि जानेवारीत मी काय आखलं होतं तर सात दिवसांचे सात उभे रकाने, सकाळी ६ ते रात्री १०! पाच कामांसाठी सोळा तासांचे सात रकाने, आणि सतरा कामांना जागाच नाही, ती मी समासात कोंबत होते.

थोरल्या जाऊबाईंची गंमत बघा. त्या घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतात, त्यांच्या यादीत अर्ध्याहून जास्त घ. सकाळी ७ ची बॅच, दुपारी साडेतीनची, संध्याकाळच्या दोन, मध्ये कोणाचा तरी एक्स्ट्रा तास. घर एकच, पण आमच्या दोघींच्या वह्या एकसारख्या असूच शकत नाहीत.

तिसरी पायरी : अक्षर बघून लेआऊट

*आ जास्त असतील तर यादी आणि बाजूला वार.* हा माझा लाडका प्रकार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पानाच्या डाव्या कडेला सात अरुंद रकाने, एकेक चौकटीचे, वर सो मं बु गु शु श र. उरलेल्या जागेत कामांची यादी. काम लिहिलं की ते ज्या दिवशी करायचं वाटतं त्या रकान्यात टिंब. झालं की टिंबावर फुली. नाही झालं तर त्याच ओळीत टिंबावर बाण करायचा आणि पुढच्या ज्या वारी जमेल तिथे नवीन टिंब. काम पुन्हा लिहावं लागत नाही, हीच सगळ्यात मोठी सोय. 'गीझरवाल्याला फोन' माझ्या एका पानावर सोमवारपासून शनिवारपर्यंत बाण बाण करत गेला होता, ती ओळ बघूनच मला हसू आलं आणि तिथल्या तिथे फोन लावला.

याला ॲलिस्टेर मेथड म्हणतात. मुळात पुढच्या महिन्यांचं नियोजन करायला काढलेली, म्हणजे रकान्यांत महिने असायचे, पण वारांना लावली तरी झकास चालते. एका आठवड्याला एकच पान लागतं. आणि ज्या कामाचा वार ठरतच नाहीये त्याच्यापुढे टिंब नाही टाकलं तरी चालतं, ते यादीत गुपचूप बसून राहतं.

एक खोट आहे. 'आज काय काय?' हे एका नजरेत दिसत नाही, रकान्यातून बोट वरून खाली न्यावं लागतं. पंचवीस ओळींच्या वर यादी गेली की हे त्रासदायक होतं. मग मी सकाळी ट्रेनमध्ये त्यातली चार-पाच उचलून एका छोट्या स्टिकी नोटवर लिहिते. शुद्ध बुजोवाले (बुलेट जर्नलचं लाडकं नाव बुजो) नाक मुरडतील, मुरडू देत.

*वा जास्त असतील तर आडव्या चौकटी.* उघडलेल्या दोन पानांवर डावीकडे सोम, मंगळ, बुध, उजवीकडे गुरु, शुक्र आणि खालच्या चौकटीत शनि-रवि शेजारी शेजारी. सगळ्यात सोपा, दिसायलाही सुटसुटीत, आणि ज्यांना काहीच सुचत नाही त्यांनी इथूनच सुरुवात केली तरी बिघडत नाही. फक्त एका दिवशी आठ-दहाच्या वर नोंदी होत असतील तर चौकट पुरत नाही, अशांनी रोजचं वेगळं पान ठेवावं आणि आठवड्याच्या पानावर फक्त महत्त्वाचं.

*घ साधारण एक तृतीयांश किंवा जास्त असतील तरच तासांचे उभे रकाने.* शिकवणी, दवाखाना, पार्लर, शिफ्टची नोकरी, ज्यांना अपॉइंटमेंट्स असतात ते सगळे. याचा खरा फायदा मोकळी जागा दिसण्यात आहे. जाऊबाईंना कोणी विचारलं की ताई एक्स्ट्रा तास घ्याल का, तर त्या रकान्यात पांढरं काय उरलंय ते बघतात आणि उत्तर देतात. बाकीच्यांनी हा सुंदर दिसतो म्हणून घेऊ नये, माझ्यासारखी फजिती होईल.

*सगळं थोडं थोडं असेल तर अर्धं-अर्धं.* डाव्या पानावर सात दिवसांच्या बुटक्या चौकटी, उजवं पान पूर्ण यादीला. घ आणि वा डावीकडे, आ उजवीकडे. नोकरी आणि घर दोन्ही ओढणाऱ्या बहुतेकांचं शेवटी इथेच येऊन थांबतं असं माझं निरीक्षण आहे.

यापलीकडे अर्धी पानं कापून केलेले डच डोअर, गोल घड्याळासारखे आखलेले दिवस, मूड ट्रॅकर म्हणजे रोजचा मूड टिपायचा तक्ता, पाणी किती प्यायलं त्याचे थेंब रंगवायचे, असं बरंच बघायला मिळेल. पहिले दोन महिने लांबून नमस्कार. ट्रॅकर तर हमखास वही बंद पाडतो, कारण तो एक दिवस चुकला की उरलेलं पानही वाया गेल्यासारखं वाटतं.

चौथी पायरी : आखणी, आणि इथे चौकटी मोजाव्याच लागतात

ए-५ पान १४८ बाय २१० मिलिमीटरचं. कडा सोडल्या तर ५ मिलिमीटरच्या साधारण २८ चौकटी आडव्या आणि ३८ ते ४० उभ्या मिळतात. तुमच्या वहीत एकदा मोजा आणि तो आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवा, दर वेळी मोजत बसायला नको.

आडव्या चौकटी : वर २ ओळी मथळ्याला, मग १२-१२ ओळींच्या तीन चौकटी, झाल्या ३८.

उभे रकाने : २८ ला ४ ने भागा, ७ चौकटींचा एक रकाना म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. दोन पानांवर असे आठ रकाने होतात, सात दिवस आणि आठवा सटरफटरला. सकाळी ६ ते रात्री १० म्हणजे १६ तास, तासाला दोन ओळी, ३२. वर-खाली थोडी जागा उरते.

यादी : डावीकडे ७ चौकटी वारांना, एक मोकळी, उरलेल्या २० कामाला.

अर्धं-अर्धं : डावीकडे मथळ्याच्या २ ओळी आणि प्रत्येक दिवसाला ५, एकूण ३७.

आता एक गोष्ट जी इंग्रजी व्हिडिओंमध्ये कोणी सांगणार नाही. ही मापं रोमन अक्षरांच्या हिशोबाने प्रसिद्ध झालीयत. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं, वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे ५ मिलिमीटरच्या ओळीत 'कुर्डुवाडीचं रिझर्व्हेशन' लिहून बघा, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. मराठीत लिहिणार असाल तर एक ओळ सोडून लिहा किंवा दीड ओळीचं अंतर धरा, आणि जागा त्या हिशोबाने निम्मीच समजा. बारा ओळींच्या चौकटीत सहा-सात कामं मावतील. साडेतीन सेंटिमीटरच्या रकान्यात 'वीजबिल' मावतं, 'सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स टाईप करणे' तीन ओळी खातं. म्हणून लांबलचक लिहायची सवय असेल तर उभे रकाने नकोतच, आडवं काहीतरी घ्या.

वारांच्या अक्षरांतही गोची आहे. शु आणि श शेजारी शेजारी येतात, त्यात लोकलमध्ये घाईत लिहिलेला गु पण शु सारखा दिसतो. मी एकदा शनिवारचं काम शुक्रवारी समजून दुकानापर्यंत जाऊन आले. आता वारांच्या अक्षरांखाली बारीक तारीख लिहिते आणि शनि-रविच्या रकान्यावर पेन्सिलीने हलकी छटा मारते.

आठवडा कुठून सुरू करायचा हाही प्रश्न येतो. कालनिर्णयमध्ये रविवार सगळ्यात वर असतो आणि आपल्या डोळ्यांना तीच सवय आहे. पण वहीत सोमवारपासून सुरू केलं की शनि-रवि एकत्र राहतात, घरची मोठी कामं सलग दिसतात. ज्यांची सुट्टी रविवारी नसते, दुकानवाले वगैरे, त्यांनी आपल्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडा सुरू करावा, कोणी अडवलंय?

आणि एका वेळी एकच आठवडा आखा. वर्षाचे ५२ आठवडे, दोन-दोन पानं धरली तर १०४ पानं नुसती यातच जातात, २०० पानी वहीचा निम्म्याहून जास्त भाग. एका पानात भागत असेल तर दोन घेऊ नका. छापील डायरीपेक्षा या वहीची चैन काय, तर गावाला गेलात, आजारी पडलात, आठवडा गेला, तर पान वाया जात नाही, कारण ते आखलेलंच नसतं. परत आल्यावर पुढच्या पानावर नवी तारीख.

पाचवी पायरी : रविवारची पंधरा मिनिटं

मी जेवणं झाल्यावर ओट्यापाशीच उभी राहून करते, बसले की मोबाईल हातात येतो. क्रम ठरलेला आहे. आधी महिन्याचं पान उघडून या आठवड्यात येणाऱ्या ता उचलायच्या, आणि त्यांच्या दोन दिवस आधीच्या वारावर टिंब टाकायचं, कारण शेवटच्या दिवशी पोर्टल कसं रांगतं ते सगळ्यांना माहितीय. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरून चतुर्थी, कोणाचा वाढदिवस, सुट्टी. मग घ आणि वा. सगळ्यात शेवटी मागच्या पानावरची न झालेली कामं.

ही न झालेली कामं सरसकट उतरवून काढू नका. प्रत्येकापाशी थांबून विचारा की हे खरंच करायचंय का. हाताने पुन्हा लिहायचा कंटाळा येतो ना, तोच इथे चाळणीचं काम करतो. तीन आठवडे बाणावर बाण खाल्लेलं काम एकतर तेव्हाच्या तेव्हा करून टाका, नाहीतर सरळ खोडा. मी 'जुने फोटो सॉर्ट करणे' असं पाच महिन्यांनी खोडलं आणि कोणाचं काही अडलं नाही.

लेआऊट बदलायचा कधी

एक लेआऊट निदान तीन आठवडे तरी चालवा. पहिल्या आठवड्यात तो नवीन म्हणून आवडतो, दुसऱ्यात जुना म्हणून नावडतो, तिसऱ्यात खरं कळतं. मग पान समोर धरून दोनच गोष्टी बघा, कोरं काय राहिलं आणि गर्दी कुठे झाली. खालचा अर्धा रकाना दर वेळी कोरा राहत असेल तर तासांची गरज नाही. समासात बाण काढून काढून लिहावं लागत असेल तर यादीला जागा कमी पडतेय. शनिवारची चौकट फुटतेय आणि मंगळवार रिकामा आहे, तर चौकटी सारख्या मापाच्या कशाला? शनिवारला १५ ओळी द्या, मंगळवारला ४, तुमचीच वही आहे.

आणि आठवड्याचं रूप बदललं तर लेआऊटही बदलू द्या. मार्चएंडला मी सरळ दोन पानांचं अर्धं-अर्धं घेते, सगळं एका पानात मावतच नाही तेव्हा. जाऊबाईंच्या बॅचेस मे महिन्यात बंद असतात, तेव्हा त्या उभे रकाने सोडून माझ्यासारखी यादी करतात, लोणचं, पापड, माळा आवरणे, आणि जूनची शाळा सुरू झाली की परत पट्टी शोधत आमच्या खोलीत येतात.